न कंटाळणारे पेशंट

नियोजन विभागातल्या या बाईंना ऑफिसात सगळे ‘काटेकोर’ म्हणतात, तोंडावर नाही. वय एकोणपन्नास, नोकरी बावीस वर्षं. कुठल्या आरोग्य केंद्राला किती डॉक्टर लागतील, हे संगणकावर सिम्युलेशन करून सांगणं हे त्यांचं काम. केंद्राचा अख्खा महिना पडद्यावर दोन मिनिटांत चालवायचा. पेशंट येतात, बसतात, तपासून जातात किंवा कंटाळून उठतात. गणित कुठे फसतं ते बघायचं.

कंटाळून कधी उठतात, हे कोणत्याच फायलीत नव्हतं. म्हणून बाई टेकडीपलीकडच्या केंद्रात बारा दिवस बाकावर बसल्या. तुंबलेल्या संडासाचा वास, भिंतीला ओकारीचे वाळलेले डाग. रोज नव्वद माणसं येत, एकटा डॉक्टर साठ तपासे. उरलेली तीस साधारण दोन तासांनी उठत. कडेवर मूल असलेली बाई त्याच्याही आधी.

“लिहा ताई, सगळं लिहा,” तिथली नर्स म्हणाली. “आधीचे साहेब नुसते फोटो काढून गेले.”

सिम्युलेशननेही तेच सांगितलं: दुसरा डॉक्टर हवा.

विभागाच्या साहेबांनी तक्ता पाहिला. “एकच पुरतो असं वर कळवून झालंय. हे दोन तास कुठून काढलेत?”

“मोजलेत, साहेब.”

“मग वाढवा ना! लोकांनी जरा धीर धरायला नको? काय नाव त्या रकान्याचं?”

“थांबण्याची तयारी.”

“अमर्याद टाका.”

बाईंनी टाकलं. पडद्यावरचे पेशंट एकदम शहाण्यासारखे वागू लागले. उपचाराविना परत गेलेले: शून्य. फक्त रोजचे तीस तिथेच साचत गेले आणि सव्वीस कामाच्या दिवसांनंतर दोन बाकांवर सातशे ऐंशी माणसं बसलेली निघाली.

“ही ओळ छापू नका,” साहेब दात कोरत म्हणाले.

बाईंनी ती पुसली.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. “अगं, कॉम्प्युटरातली माणसं ती. ना भूक, ना लघवी. बसू दे की!”

बाईंना त्याची शिसारी आली. साहेबांची तर आधीच आली होती. पण साहेबांनी नुसतं तोंड हलवलं होतं. आकडा टाकणारी बोटं बाईंची स्वतःची होती. त्या रात्री न जेवता झोपल्या, सकाळी वेळेवर ऑफिसात गेल्या आणि अहवालावर सही केली. अहवाल मंजूर झाला.

आठवड्याभरात नर्सचा फोन आला. “ताई, आमचा दुसरा डॉक्टर कधी येतोय?”

“नाही येत. एक पुरतो असं ठरलंय.”

“पुरतो? काल पस्तीस जण न तपासता गेले! कुठल्या गाढवानं केलं हे गणित?”

“मी.”

“तुम्ही? अहो, बाकावर बसून सगळं बघितलंत ना?”

“बघितलं.”

नर्सनं फोन ठेवला.