चपलांचं तोंड रस्त्याकडे

शांतवनमास्तरांची मला आधी पाठ दिसली, तोंड दुसऱ्या दिवशी. हैदराबादेत सुलतान बाजारच्या मागच्या अंगाला एक बुटकं दगडी चर्च होतं. मराठी ख्रिस्ती मंडळी त्याला सरळ ‘देऊळ’ म्हणत आणि देवळासारख्याच चपला बाहेर काढून आत जात. त्या रविवारी आत गाणं चाललं होतं आणि बाहेर पायरीवर काळा कोट, धोतर आणि टोपी घातलेले एक गृहस्थ वाकून बसले होते. समोर साठ-सत्तर जोड पडले होते. एकेक जोड उचलायचा, झटकायचा आणि तोंड रस्त्याकडे करून परत ठेवायचा, हा त्यांचा उद्योग. मी घरी जाऊन आईला सांगितलं, ‘‘त्यांच्याकडे चपला राखायला सुद्धा कोटवाला माणूस असतो!’’ आई म्हणाली, ‘‘श्रीमंत असतील.’’ दुसऱ्या दिवशी माझं नाव नव्या शाळेत घातलं, आणि तोच कोटवाला माणूस हातात खडू घेऊन आमच्या वर्गात आला. मराठी आणि गणित शिकवायला!

पुढे धीर आल्यावर मी त्यांना विचारलं की हे कशासाठी. मास्तर म्हणाले, ‘‘अरे दिगू, आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मला तेवढं कुठलं जमायला! मी आपला चपलांवर भागवतो.’’ मग म्हणाले, ‘‘शिवाय म्हाताऱ्या माणसांना निघताना वळावं लागत नाही. पाय घातला की चालू लागायचं.’’ मास्तरांच्या भक्तीला असा एक व्यवहारी खिसा असायचाच.

मास्तरांना सगळीकडे शेवटची जागा लागे. पंगतीत शेवटचं पान, सभेत शेवटची खुर्ची, चर्चमध्ये दाराजवळचं शेवटचं बाक. आणि ती जागा कोणी घेतली तर हा सौम्य माणूस असा कासावीस होई की बघणाऱ्याला वाटावं, यांचं पाकीटच मारलं. अंबरपेठेतल्या एका लग्नात नवऱ्यामुलाचा मामा चुकून शेवटच्या पानावर बसला, तर मास्तर त्याच्या शेजारी जमिनीवर, पान नसताना, हात जोडून बसून राहिले. मामाला वाटलं आपलं काही चुकलं. तो उठला. मास्तर विजयी मुद्रेनं सरकले. त्यांची बायको रत्नाबाई पलीकडून कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘यांचा नम्रपणा सांभाळायला माझ्यासारखी गर्विष्ठ बाईच लागते!’’

मास्तर हे ऐकून दुखावत नसत. एकदा आम्हाला म्हणाले, ‘‘ती खरंच बोलते. मी नम्र आहे असं मला ज्या दिवशी वाटतं ना, त्या दिवशी मी सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो. फक्त लोकांना दिसत नाही.’’

साऱ्या हैदराबादेत मास्तरांना तोडीस तोड एकच माणूस होता, आणि दुर्दैवानं तो त्याच शाळेत होता. आमचे उर्दूचे करीमुद्दीनसाहेब. सगळे त्यांना मौलवीसाहेब म्हणत. मास्तरांचा नम्रपणा धर्मातून आलेला, तर मौलवीसाहेबांचा अदबीतून. दारातून आधी कोणी जायचं यावर दोघं इतका वेळ थांबत की मधल्या सुट्टीची घंटा होऊन जाई. शाळेचा फोटो काढायला आबिड्सहून फोटोग्राफर आला तेव्हा तर कहरच झाला. दोघांनाही रांगेच्या टोकाला उभं राहायचं होतं.

‘‘मौलवीसाहेब, तुम्ही आत या.’’

‘‘नक्को मास्तर, मैं किनारे का आदमी. आप अंदर को सरको.’’

‘‘अहो, टोकाची जागा माझी आहे!’’

‘‘लिख को दिए क्या किसी ने?’’

दोघं एकेक पाऊल बाहेर सरकत गेले. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली घामाघूम. शेवटी त्यानं वैतागून बटण दाबलं. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मास्तरांचा उजवा कान आहे, मौलवीसाहेबांचा अर्धा खांदा आहे, आणि आमच्या शाळेच्या दोन उत्तम शिक्षकांचं बाकी काहीही नाही.

मग ते वर्ष आलं. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही नाही. आमचं संस्थान हिंदुस्थानात येईना. मी तेव्हा बाविशीत होतो, कारकुनीला लागलो होतो आणि माझ्या अंगात वारं शिरलं होतं. एका रविवारी सकाळी आम्ही बाजारात विलीनीकरणाची पत्रकं वाटली, पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या, मित्रमंडळ दाही दिशांना पांगलं. मी गल्लीतून धावत सुटलो तो थेट त्या चर्चच्या पायरीवर आदळलो. मास्तर चपला फिरवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या गल्लीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘चपला काढ. पहिल्या बाकावर बस. सगळे शेवटच्या बाकावर शोधतात.’’

मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो. बाजूला गार दगडी भिंत. कोणीतरी माझ्या हातात गीतांचं पुस्तक दिलं. मी ते उलटं धरून मोठ्यानं गायलो. तेवढ्यात दारात शिपाई आला.

‘‘कोई भाग को आया क्या इधर?’’

मास्तर खोटं बोलत नसत. शाळेतल्या तपासणीच्या दिवशीही नाही. मास्तर म्हणाले, ‘‘इधर सब भाग को ही आते जी. कोई गुनाह से, कोई दुख से. मैं भी वैसाच आया. अंदर देखना है तो देखो. बूट निकालो.’’

शिपायानं खाली पाहिलं. पायात लांब बूट, त्यांवर गुडघ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेल्या पट्ट्या, त्यावर चिखल. ते सोडायचे म्हणजे अर्धा तास. ‘‘हौला मास्टर है,’’ म्हणून तो निघून गेला. येड्या मास्तरानं मला वाचवलं. मात्र माझा मित्र विनायक याचा मोठा भाऊ त्याच दिवशी पकडला गेला आणि तुरुंगात गेला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, पाच दिवसांत सगळं संपलं आणि आम्ही रातोरात जिंकणारे झालो. जिंकणाऱ्याला हरलेला माणूस लागतो. कोणीतरी बोलून गेलं की विनायकच्या भावाचं नाव पोलिसांना मौलवीसाहेबांनी दिलं. कोण बोललं, कशावरून बोललं, कोणी विचारलं नाही. मीही नाही. सोमवारी सकाळी आम्ही पाच जण निघालो. विनायकच्या हातात काठी होती, बाकीच्यांच्याही होत्या. माझ्याही. मौलवीसाहेबांच्या घराला कुलूप होतं. ‘‘गेला कुठं म्हातारा?’’ म्हणत आम्ही चर्चच्या गल्लीतून चाललो होतो आणि मी थबकलो.

चर्चच्या पायरीवर, सोमवारी, उपासना नसताना, दोन जोड होते. एक मास्तरांच्या झिजलेल्या चपला. दुसरी टोकाला वळलेली, जुन्या मखमलीची जुती. ती सगळ्या शाळेला ठाऊक होती. या पुण्यवान माणसानं मित्राला लपवलं होतं आणि त्याचा जोडा बाहेर नीट मांडून ठेवला होता. तोंड रस्त्याकडे करून!

(पुढे एकदा मी त्यांना विचारलंच, ‘‘मास्तर, जुती आत का नाही घेतली?’’ मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी वेडा झालोय. ‘‘देवळात? जोडे?’’)

विनायकनंही जुती पाहिली. एवढ्यात मास्तर दारात आले.

‘‘मास्तर, मौलवी आत आहे?’’

‘‘आहेत,’’ मास्तर म्हणाले. ‘‘पहिल्या बाकावर बसलेत.’’ मग माझ्याकडे वळले. ‘‘दिगू, तुला माहीत आहे ती जागा. भिंत गार आहे, बरं वाटतं तिथं.’’

माझ्या हातातली काठी एकदम मणभर झाली.

‘‘आम्हाला आत जायचंय,’’ विनायक म्हणाला.

‘‘जा की. दाराला कडी नाही. चपला काढा.’’

‘‘आणि काठ्या?’’ आमच्यातल्या एकानं विचारलं. आम्ही त्यांचेच विद्यार्थी. सवय कुठं जाते!

मास्तरांनी खरोखर विचार केला. ‘‘आमच्या शास्त्रात मोशे नावाचा मोठा माणूस आहे. देवानं त्याला सांगितलं, जोडे काढ, ही जागा पवित्र आहे. काठीचं तेव्हा काही बोलला नाही. तुमचं तुम्ही ठरवा.’’

आम्ही चपला काढल्या. हे आज सांगताना मला हसू येतं, पण कोणाच्या जिवावर उठलेली पाच तरणीताठी पोरं देवाच्या दारात चपला घालून शिरायला धजली नाहीत. आम्ही पायरी चढलो आणि मागे काहीतरी हललं म्हणून मी वळून पाहिलं. मास्तर खाली बसले होते. त्यांनी विनायकची चप्पल उचलली, धोतराच्या सोग्यानं तिचा चिखल पुसला आणि तोंड रस्त्याकडे करून ठेवली. मग दुसरी. मग माझी.

‘‘मास्तर, नका!’’ मी ओरडलो.

‘‘का रे? दर रविवारी करतो.’’

‘‘आमच्या नका.’’

‘‘मग कोणाच्या करू?’’ ते चिडले नव्हते, उपदेश करत नव्हते. गणितात अडलेल्या पोराला विचारावं तसं विचारत होते. ज्या हातानं माझा हात धरून अक्षर वळवायला शिकवलं, त्या हातात माझी चप्पल होती. मी काठी भिंतीला टेकवली आणि पायरी उतरलो.

विनायक तिथंच उभा होता. ‘‘मास्तर, माझा भाऊ अजून तुरुंगात आहे.’’

‘‘ठाऊक आहे. मीही रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतो. तो सुटेल, विनायक. घरी येईल, जेवेल आणि विचारेल, मी नसताना काय काय झालं. त्याला सांगताना मान खाली जाणार नाही, एवढं कर आणि जेवायला घरी जा.’’

आतून मौलवीसाहेबांचा खोकला ऐकू आला. फार म्हातारा, फार एकटा खोकला होता तो. विनायकनं दाराकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्याच्या चपला पुसून, रस्त्याकडे तोंड करून तयार होत्या. त्यात पाय घातला की माणूस आपोआप रस्त्याला लागत होता. त्यानं पाय घातले. आम्ही पाचही जण निघालो, आणि कोणालाही मागे वळावं लागलं नाही.

आठवड्याभरात विनायकचा भाऊ सुटून आला. त्यानंच सांगितलं, नाव देणारा आमच्याच गल्लीतला, रोज गंध लावून आमच्याकडे चहाला येणारा माणूस होता.

मास्तरांना मात्र तो सोमवार महाग पडला. शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली होती, आणि ती त्यांचीच होती. ते सगळ्यांत जुने होते. पण चालकांपैकी काहींना वाटलं, ज्यानं ‘त्या’ माणसाला आसरा दिला त्याला खुर्ची कशी द्यावी? त्यांच्याहून सात वर्षांनी लहान माणूस खुर्चीवर बसला. मी तावातावानं त्यांच्या घरी गेलो, सह्या गोळा करतो म्हणालो. मास्तर भाजी निवडत होते.

‘‘दिगू, आयुष्यभर शेवटची जागा मागितली. आता त्यांनी दिली तर तक्रार करू?’’

‘‘बोलायला सोपं आहे!’’ रत्नाबाई आतून म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं.

मास्तरांचे हात थांबले. ‘‘सोपं नाही,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘मला ती खुर्ची हवी होती रे. फार हवी होती. रविवारी शेवटच्या बाकावर बसायला काय लागतं? विश्वास ठेवायचा तो सोमवारी.’’ आणि पुन्हा मेथीची पानं खुडू लागले. एवढ्या मोठ्या माणसानं मला आपला मोह उघडा करून दाखवला, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्या दिवशी मला कळलं की त्यांचा नम्रपणा रोज नव्यानं, कष्टानं केलेला होता.

मास्तर गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटच्या उपासनेला चर्च भरून वाहत होतं. सगळा सुलतान बाजार लोटला होता. विनायक आणि त्याचा भाऊ शेजारी शेजारी उभे होते. रत्नाबाई पहिल्या बाकावर ताठ बसली होती. ‘‘त्यांच्या वाटची पुढची जागा मी घेते,’’ म्हणाली. मी दाराशी उभा होतो, आणि एकदम माझ्या मनात आलं: चपला! आज चपला कोण फिरवणार? मी हळूच बाहेर सटकलो.

उशीर झाला होता. सगळ्यांत वरच्या पायरीवर मौलवीसाहेब बसले होते. ऐंशीच्या पुढचे, गुडघे वळत नव्हते, तरी एकेक जोड काठीनं जवळ ओढून फिरवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘देर कर दिए मियाँ. आखिरी जगा भर गई.’’

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो आणि कामाला लागलो. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग काठीवर भार देत, कण्हत, ते माझ्याही खालच्या पायरीवर येऊन बसले. मी त्यांच्या खाली सरकलो. ते पुन्हा उठले.

पायऱ्या संपल्या तेव्हा आम्ही दोघं चपलांच्या मधोमध, जमिनीवर, खांद्याला खांदा लावून बसलो होतो, आणि आतली मंडळी बाहेर यायच्या आत सगळे जोड रस्त्याकडे तोंड करून उभे होते.