शिवणवाल्या काकूंची किंकाळी

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना अख्खी इमारत किंकाळीकाकू म्हणते. तोंडावर नाही हं. प्रत्येकाचा एखादा तरी कपडा त्यांच्याकडे अडकलेला असतो.

बत्तीस वर्षांपूर्वी काकू सिनेमात होत्या. एकाच, तेही भुताच्या. खरं तर त्या गेल्या होत्या नटीला नर्सचा गणवेश बेतून द्यायला. नटीला नेमक्या त्याच दिवशी कांजिण्या निघाल्या. गणवेश काकूंना चपखल बसला, आणि गणवेश बेतायला गेलेली बाई गणवेशातच अडकली. काम काय, तर मेलेली नर्स होऊन इंजेक्शन घेऊन वॉर्डात फिरायचं आणि शेवटी आरशात स्वतःलाच बघून किंकाळी फोडायची.

फिरणं झकास जमलं. घोडं अडलं किंकाळीपाशी. काकूंची लहानपणापासूनची खोड, जोरात ओरडल्या की मागोमाग उचकी. अकरा वेळा किंकाळी, अकरा वेळा उचकी. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "बाई, भुताला उचकी लागत नाही! जा घरी. दुसऱ्या कुणाचा तरी आवाज चिकटवू."

चिकटवला की नाही, हे काही काकूंना कळलं नाही.

सिनेमा शुक्रवारी लागला. हातात लग्नाचे कपडे होते, म्हणून काकूंनी तिकिटं रविवारची काढली. तोवर इकडे दवाखान्यांत रोगी खऱ्या नर्सला बघून पलंगाखाली शिरायला लागले. नर्सबायांचं डोकं फिरलं, शनिवारी मोर्चा निघाला, संध्याकाळी सिनेमा उतरला. मोर्चात पुढे कापडी फलक धरून कोण? काकूंची सख्खी नणंद, सरकारी दवाखान्यातली नर्स! आणि त्या फलकाचे काठ कुणी शिवले होते? काकूंनीच. घाईत कापड उलटं धरून मशीन मारली, वर काय लिहिलंय ते बघायलाही फुरसत नव्हती.

पुन्हा कुणी काम दिलं नाही. त्याचं काकूंना फारसं वाटलं नाही, पण ती किंकाळी कुसळासारखी रुतून राहिली. निवृत्त झाल्यावर नणंद इथेच राहायला आली आणि तिने ते कुसळ रोज हलवलं. भांडण भाजीवरून असो की पंख्यावरून, शेवट ठरलेला. "जाऊ दे वहिनी, किंकाळी तरी तुझी होती का?"

 यावर काकू तावातावाने काहीतरी ओरडायच्या, उचकी लागायची, आणि नणंदच पाण्याचा पेला पुढे करायची.

गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात तो सिनेमा दाखवणार असल्याची पाटी लागली. झालं! सगळी इमारत तयार. काकू मात्र मशीनवरून उठेनात.

"दुसरीचा आवाज निघाला तर काय करू, वन्सं?"

"तर मी जिंकले. चल, साडी बदल."

रविवारी दुपारी दोघी पहिल्या रांगेत. नणंदेच्या पिशवीत पाण्याची बाटली होतीच, ती नसली तर नर्स कसली? पडद्यावर चोवीस वर्षांच्या काकू वॉर्डात फिरल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काय बारीक होत्या हो!" काकूंचं लक्ष नव्हतं. पदर मुठीत धरून त्या आरशाची वाट बघत होत्या.

आरसा आला. किंकाळी आली. अशी की पंखासुद्धा थबकल्यासारखा वाटला. काकूंनी मान तिरकी केली. हा आवाज आपला? ओळखूच येईना. बत्तीस वर्षांत स्वतःचा असा आवाज ऐकलाय कुणी?

आणि तेवढ्यात, किंकाळीच्या शेपटीला, बारीकसं: हिक्.

लोकांना ती भुताची धाप वाटली. पण नणंदेचा हात आपसूक पिशवीत गेला, झाकण उघडलं, बाटली काकूंच्या तोंडापाशी. "घे, वहिनी. घोट घोट पी."

"मला कुठे लागलीय, वन्सं?" काकूंनी पडद्याकडे बोट केलं. "तिला लागलीय."

नणंदेने पडद्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग ते पाणी तिने स्वतःच पिऊन टाकलं.