दुग्धदंतांची निगा

सीमाभागातल्या उचगावच्या शाळेत मी मराठी शिकवते. दोन-तीन वर्षांमागं अंगणवाडीतल्या पोरांचे दात तपासायला एक डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. पालकांना द्यायचं त्यांचं पत्रक कन्नडमध्ये होतं. मीच पुढं होऊन म्हटलं, मी मराठीत करून देते.

रविवारभर बसून लिहिलं. ‘दुग्धदंतांची निगा राखावी. शयनापूर्वी शर्करायुक्त पेय वर्ज्य.’ शाळेत सगळ्यांनी वाखाणलं. मलाही आपल्या मराठीचा अभिमान वाटला.

चार-पाच महिन्यांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिला सोडायला आली. कडेवर धाकटी, अडीच वर्षांची. तिचा गाल सुजलेला, पुढचे दात काळे पडून झिजलेले. फाटकाशी इतर बायका उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी तिला झापलं, पत्रक दिलं होतं ते वाचायला काय झालतं म्हणून. ती खाली मान घालून उभी राहिली.

बायका गेल्यावर ती जवळ आली.

“वाचलं की, बाई. भिंतीला लावलंय. दूध आनि दात असं लिवलंय न्हवं? दूध दातांला चांगलं म्हनून झोपताना साखर घालून बाटली द्याला लागले.”

चूक माझी होती, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, लवकर दवाखान्यात ने.

पोरीचे दोन दात काढावे लागले. आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले आणि तुझं काही चुकलं नव्हतं, माझं लिहिणंच चुकलं, असं सांगितलं. तिनं चहा ठेवला. मग मी कागद काढला आणि हे कसं लिहू ते तिलाच विचारलं.

“सरळ लिवा की. बाटली तोंडात धरून पोर झोपलं की दूध दातांवर ऱ्हातंय, दात किडत्यात. दुधाचे दात पडनारच हाईत म्हनून सोडू नगा, दुखायचं ते दुखतंयच.”

मी शुद्धलेखन तेवढं नीट केलं.

नवं पत्रक वाटलं त्या दिवशी बायका अंगणवाडीच्या पायरीवर बसून एकमेकींना वाचून दाखवत होत्या. आता कुठं कळलं बाई, असं एकजण म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ती मागं भिंतीला टेकून उभी होती, धाकटीला घेऊन. ही वाक्यं तिची आहेत, एवढंच सांगायचं होतं. मी हात जोडले आणि गप्प बसले.