पोटातला पडदा

शाळेत त्यांना सगळे बटाटेमास्तर म्हणत, आणि खरं तर ते मास्तर नव्हतेच. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले आणि परिचर म्हणूनच निवृत्त झाले. काचेची भांडी धुणं, सूक्ष्मदर्शकं पुसणं, बाईंनी सांगितलेलं सामान टेबलावर मांडणं, हे त्यांचं काम. पण दरवर्षी परासरणाचा प्रयोग आला की बटाटे सोलायचे ते त्यांनीच. बटाट्याला खालून सपाट काप द्यायचा, वरून खळगा कोरायचा, त्यात साखरेचं दाट पाणी भरून पातळीशी टाचणी टोचायची आणि बटाटा साध्या पाण्याच्या बशीत ठेवायचा. तासाभराने खळग्यातलं पाणी टाचणीच्या वर चढलेलं असे. शेजारी एक उकडलेला बटाटाही तसाच कोरून ठेवावा लागे; त्यात काही चढत नसे. तेहतीस वर्षं हे केल्यावर नाव पडायचं ते पडलंच. त्यांना त्याचं काही वाटत नसे. बायको मात्र चिडायची. "इतकी वर्षं राबलात आणि नाव कमावलंत ते हे," म्हणायची.

निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. हृदय आधीपासूनच अशक्त. रक्त बाहेर काढून यंत्रातून फिरवणं तिला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसरी वाट पोटाची होती. पोटात एक मऊ नळी कायमची बसवायची, तिच्यातून दिवसातून चार वेळा दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास तसंच ठेवायचं आणि काढून टाकायचं. घरच्या घरी.

"पण रक्तातल्या घाणीला कसं कळणार, की इकडे यायचं?" तिने नर्सला विचारलं. नर्स घाईत होती. "येते ती आपोआप," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर ओट्याशी उभं राहून मास्तरांनी तिला समजावलं. "पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. पडद्याच्या अलीकडे तुझं रक्त, पलीकडे बॅगेतलं पाणी. त्या पाण्यात साखर दाट घातलेली असते. जिकडे दाट, तिकडे पाणी ओढलं जातं. अंगात साठलेलं पाणी असं पलीकडे जाणार. घाण रक्तात जास्त आणि बॅगेत नाहीच, म्हणून तीही झिरपत जाणार. रक्तपेशी मोठ्या, त्या पडद्यातून जात नाहीत."

"म्हणजे माझा बटाटा केलात तुम्ही."

"तसंच काहीसं."

ती हसली. पुढच्या तीन वर्षांत इतकी मोकळी हसल्याचं त्यांना आठवत नाही.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. तिची खोली रिकामी करून तिथे बॅगांची खोकी रचली. मास्तर कोपरापर्यंत हात धुवायचे, तोंडाला मास्क बांधायचे, खिडकी लावायचे, पंखा बंद करायचे आणि मगच नळीला हात लावायचे. बाहेर आलेली बॅग काट्याला लटकवून बघायची. दोन लिटर आत गेलं की साधारण सव्वादोन, अडीच बाहेर यायचं. पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मध्ये एकदा पाणी गढूळ आलं, पोटात जंतुसंसर्ग झाला, पंधरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. पण त्यातूनही ती उठली.

जाच होता तो तहानेचा. लघवी बंद झालेली, त्यामुळे चहा धरून दिवसाला तीन कप पाणी, त्यावर घोटही नाही. ते तीन कप मास्तर स्वतः मोजून द्यायचे. सुरुवातीला ती ओला रुमाल चोखताना दिसली तर ते न बघितल्यासारखं करत. एकदा मात्र कुंड्यांना पाणी घालायच्या तांब्याला तोंड लावताना त्यांनी तिला पकडलं, आणि त्या दिवसापासून त्यांची नजर तिच्या पाठीवरच राहिली.

"माझ्याच घरात मी पाण्याची चोर झाले गं," तिने मुलीला फोनवर सांगितलं.

तिसऱ्या वर्षी बाहेर येणारं पाणी कमी झालं. एका दुपारी काट्यावर जेमतेम दोन लिटर भरलं. म्हणजे जेवढं आत, तेवढंच बाहेर. मास्तरांनी तिच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरून यायला वेळ लागला.

"किती प्यालीस?"

"तुम्ही दिलंत तेवढंच."

"मग हे कुठून आलं?"

"मला काय माहीत? तुम्हीच सांगा, तुमचा विषय."

त्यांचा पारा चढला. त्यांनी मोरीतल्या बेसिनखालचा व्हॉल्व्ह बंद केला, स्वयंपाकघराला कडी घातली. मुलीला फोन लावून बायकोसमोरच सगळं सांगितलं आणि फोन तिच्या हातात दिला. "आई, बाबा तुझ्यासाठी किती खपतात, निदान त्यांच्याकडे बघून तरी," मुलगी म्हणाली. तिने ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती तीनातला एक कप न पिता तसाच ठेवू लागली. खिडकीच्या कट्ट्यावर, बशीने झाकून, येता-जाता दिसेल असा. मास्तरांना वाटलं, नाटक करते आहे. तसं ते बोललेही.

आठवड्याभरात तिला धाप लागली. आडवं होता येईना. हॉस्पिटलात चार तास तपासणी चालली. बॅग आत सोडून ठरावीक वेळाने नमुने घेतले. संध्याकाळी डॉक्टरांनी मास्तरांना खोलीत बोलावलं.

"पडदा थकलाय. बॅगेतली साखर आता तो धरून ठेवत नाही. तास-दीड तासात ती रक्तात शिरते. मग पलीकडे पाणी ओढायला—"

"काही उरत नाही," मास्तर म्हणाले. "दोन्हीकडे सारखं होतं."

"बरोबर. तुम्हाला लवकर कळलं."

"उकडलेला," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. ती चोरून पाणी पीत होती, म्हणून तर नाही ना?"

"छे. त्यांनी कितीही पाळलं असतं तरी हे झालंच असतं."

मास्तर तिच्या खाटेशी जाऊन बसले. नाकाला ऑक्सिजनची नळी, पाठीला तीन उशा. "तू पीत नव्हतीस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं मी."

"चोरून प्यायलीस म्हणून बॅगेत पाणी कमी आलं नसतं. दुसऱ्या कोणाला नाही तरी मला कळायला हवं होतं."

तिने नाकावरची नळी सारखी केली. मग म्हणाली, "मुलीला सांगा. तिला अजून तसंच वाटतंय."

ते व्हरांड्यात गेले आणि तिथूनच फोन लावला. पलीकडून मुलीच्या रडण्याचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने आली.

यंत्र झेपणार नाही हे माहीत असूनही आता त्याशिवाय इलाज नव्हता. आठवड्यातून तीनदा चार-चार तास. प्रत्येक वेळी रक्तदाब खाली जायचा, ती पांढरीफटक होऊन घरी यायची. मास्तरांनी घराच्या कड्या काढल्या, व्हॉल्व्ह सोडला. तरी पाण्याचा कप हातात घेतला की ती त्यांच्याकडे बघून विचारायची, "घेऊ का?"

"घे गं. विचारू नकोस."

पुढच्या वेळी ती पुन्हा विचारायची. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. तिला सवय लागली होती. पाचव्या महिन्यात एका सकाळी, यंत्राला जोडलेली असतानाच, ती गेली.

उरलेली खोकी परत करायला मास्तर हॉस्पिटलात गेले, तेव्हा त्याच नर्सने त्यांना थांबवून घेतलं. एका बाईंचं पोटाचं डायलिसिस नव्याने सुरू होणार होतं. "त्यांच्या मिस्टरांना एकदा दाखवता का? तुमच्याइतकं स्वच्छ कोणी करत नाही." मास्तरांनी दाखवलं. हात कसे धुवायचे, टोपण कसं फिरवायचं, बॅग किती उंच टांगायची. ते गृहस्थ वहीत लिहून घेत होते. बाई खाटेवर बसून ऐकत होत्या.

"आणि पाणी कमी निघालं तर?" गृहस्थांनी विचारलं.

"त्याच दिवशी इथे फोन करा. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका." मास्तरांनी खाटेवरच्या बाईंकडे पाहिलं. "आणि त्यांना पाण्यावरून बोलू नका."

नर्सने पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं होतं. ते गेले नाहीत.