चेंडू खांबाला लागला होता

गेल्या शनिवारी दुपारी दुबईतल्या एका हॉटेलात आमच्या मुलीच्या, सईच्या फुटबॉल लीगचा बक्षीस समारंभ होता. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून निघताना अनुजा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तू येणारच आहेस का? परत तोच विषय निघेल."

"निघू दे," मी म्हटलं. "मी काही चुकलेलो नाही."

आधी थोडं सांगायला हवं... हा फुटबॉल म्हणजे आपला नेहमीचा नव्हे, ऑस्ट्रेलियन. चेंडू लांबट, हातानंही पकडायचा, पायानंही मारायचा, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. आमची सई इथेच वाढली. शाळेतल्या एका ऑस्ट्रेलियन टीचरनं तिला हे वेड लावलं, आता नोकरी सांभाळून खेळते आणि टीमची कॅप्टन आहे.

या लीगमध्ये प्रत्येक क्लबनं आपला एक गोल अंपायर द्यायचा असतो. आमच्याकडे कोणी तयार होईना, म्हणून मी उभा राहिलो. पुण्यात क्रिकेटची अंपायरिंग केलेली, त्यामुळे भीती नव्हती.

काम तसं सोपं... गोलच्या रेषेवर उभं राहायचं, हातात दोन झेंडे. मधल्या खांबांमधून चेंडू थेट गेला तर गोल, दोन्ही झेंडे हलवायचे, सहा पॉइंट. खांबाला नुसता घासून गेला तरी गोल नाही... एक झेंडा, एक पॉइंट.

फायनलला अगदी शेवटी आमच्या टीममधल्या केटनं किक मारली. गोल झाला असता तर आम्ही चॅम्पियन झालो असतो. चेंडू आत गेला, मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या... पण जाताना तो खांबाला घासला होता. मी बरोबर खाली होतो, पाहिलंही आणि ऐकलंही.

मी एकच झेंडा हलवला.

आम्ही हरलो. केट माझ्याकडे बघेना. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, अंकलना चष्मा बदलायला सांगा... त्यावर बऱ्याच जणींनी हसरे चेहरे टाकले. खुलासा देण्यासारखं काही नव्हतंच.

फक्त एक गोष्ट टोचत होती... सईनं घरी त्या मॅचचा विषयच काढला नाही. जेवताना ऑफिसबद्दल बोलायची, आईशी हसायची, आणि उठून जायची. मीही विचारलं नाही.

तर समारंभ... टेबलावर आमच्याशी सगळे बोलत होते, पण बेताचंच. एकेक बक्षीस झालं आणि शेवटी मोठं मेडल जाहीर झालं, 'बेस्ट अँड फेअरेस्ट'. खेळ उत्तम हवा आणि वागणंही सचोटीचं हवं. मैदानावरचे अंपायर प्रत्येक मॅचनंतर त्यासाठी मतं देतात.

नाव सईचं होतं. अनुजानं माझा हात घट्ट धरला.

सई स्टेजवर गेली, कोचचे आणि टीमचे आभार मानले. मग हातातलं मेडल वळवून त्यावरची अक्षरं वाचली.

नेहमीसारखी इंग्लिशमध्येच बोलली, पण शब्द मोजके होते. "यावर फेअरेस्ट लिहिलंय, म्हणून सांगते. फायनलला मी त्या खांबाशेजारी उभी होते. चेंडू खांबाला लागला, मी पाहिलं. माझे बाबा बरोबर होते, आणि मी गप्प बसले."

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. मग केट उठली आणि सरळ आमच्या टेबलाशी आली. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार... तिनं हात पुढे केला. "पुढच्या सीझनला झेंडे तुमच्याकडेच, अंकल. इन्शाल्ला." नंतर मात्र टाळ्या वाजल्या, आधी तुटक, मग सगळ्यांच्या.

परतताना गाडीत मी सईला विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्या रडत होत्या, बाबा. आय वॉज देअर कॅप्टन. म्हटलं उद्या सांगू... अँड देन इट गॉट हार्डर एव्हरी डे."

ओरडावंसं वाटलं नाही. गोल रेषेवर मला फक्त चेंडू बघायचा होता. तिला त्या हॉलमध्ये आपल्याच टीमच्या डोळ्यांत बघून बोलायचं होतं... दोन्हींत अवघड कोणतं, हे मला कळतं.

माझ्या निर्णयाची मला पहिल्यापासून खात्री होती, आजही आहे. एकट्यानं ठाम राहता येतं, मी राहिलोही. पण आपलं माणूस शेजारी येऊन उभं राहिलं की किती हलकं वाटतं... ते त्या दुपारी कळलं. थँक यू, सई.