दुसऱ्यांच्या वाढदिवसाचं जेवण

माझी धाकटी बहीण एकतीस वर्षांची आहे आणि तिची समज सहा वर्षांच्या मुलीएवढी. बेळगावला आई वारली तेव्हा मी तिला बेंगळुरूला घेऊन आले. दिवसभर ती येलहंक्याच्या, तिच्यासारख्यांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात असते, म्हणून मी नोकरी करू शकते. केंद्र नव्हतं तेव्हा एकदाच मी तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं होतं, फक्त दोन तास. दारावरचे तिच्या नखांचे ओरखडे अजून तसेच आहेत.

केंद्र चालतं सरकारी अनुदानावर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ठाऊक होतंच. यंदा मात्र अनुदान अडकलं ते अडकलंच. आधी दुपारचं जेवण बंद करायचं, मग केंद्र, असं केंद्र चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मी आमच्या इमारतीतल्या पुण्याच्या काकांकडे मदत मागायला गेले.

"माझ्या टॅक्सच्या पैशातून सरकारनं रस्ते करावेत," काका म्हणाले. "समाजसेवा ज्यानं त्यानं आपल्या खिशातून करावी. मनापासून होते ती." आणि स्वतःच्या वाढदिवसाला त्यांनी सगळ्यांचं जेवण दिलंही. ते मी नाकारत नाही.

पण अशा जेवणाची तिथे एक रीत आहे. सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या चढतात. देणारा आला की 'हॅपी बर्थडे' म्हणायचं, पहिला डाव त्यानं वाढायचा, फोटो काढायचा आणि मग जेवायचं. त्याआधी घास नाही. त्या महिन्यात माझी बहीण सात अनोळखी माणसांसाठी गायली होती.

काकांच्या वाढदिवशी अर्धी रजा घेऊन मी तिथेच होते. एक वाजता तिला मधुमेहाची गोळी दिली, कारण जेवण एकला असतं आणि गोळीनंतर लगेच खावं लागतं. काका हेब्बाळच्या गर्दीत अडकले होते. दीड झाला. बिसीबेळे भाताचं पातेलं झाकलेलं, पंचवीस जणं टोप्या घालून पाटावर, आणि साखर उतरून बहिणीचे हात थरथरायला लागले.

मी पातेल्यावरचं झाकण काढलं.

"सर येऊ देत, अक्का. स्वल्प थांबा," स्वयंपाकाच्या बाई घाबरून म्हणाल्या.

"गोळी थांबते का?" मी म्हटलं, आणि पहिला डाव तिच्या ताटात घातला. मग सगळ्यांना वाढलं.

दोनला काका केक घेऊन आले. अर्धी ताटं रिकामी झालेली पाहून त्यांचा चेहरा पडला. "अगं, निदान माझी वाट तरी पाहायचीस! पैसे मी दिले होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, आत्ता हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून आलात ना? त्यावर चढण्याआधी कुणी तुमच्या डोक्यावर टोपी घातली? गाणं म्हणायला लावलं? तो पूल माझ्याही टॅक्सचा आहे. या बाई साबण घेतात, त्यावरच्या टॅक्सचाही आहे. तुम्ही आमचे आभार न मानता पुलावरून येता. मग हिनंच का गाऊन जेवायचं?"

काका केक ठेवून निघून गेले. मॅडम माझ्यावर भयंकर चिडल्या. देणारं माणूस तोडलं म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अनुदान उशिरा येतं, खेटे घालायला लावतं, कारकून मान वर करून बघत नाही. पण अनुदानाला वाढदिवस नसतो.

बहिणीनं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि मग तिला एकदम धास्ती वाटली. टोपी सावरत तिनं विचारलं, "अक्का, गायलो नाही आपण. आज कुणाचा बर्थडे?"

"कुणाचाच नाही."

"मग जेवण?"

"दुपार झाली म्हणून," मी म्हटलं आणि तिच्या डोक्यावरची टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी मॅडमसोबत मी स्वतः अनुदानाचा अर्ज पुन्हा भरायला बसले. 'मागणीचं कारण' या रकान्यात त्यांनी दरवर्षीसारखं 'आपल्या कृपेने' असं सुरू केलं होतं. मी ते खोडलं आणि कन्नडमध्ये लिहिलं: रोज दुपार होते.