‘कुठं’ विचारू नये

साखर कारखान्याच्या टेलिफोनखोलीत शिरताना गहिनीनाथ पायताण बाहेर काढायचा. लोक हसायचे, “देवळात चाललाय जनू!” पण त्याच्या लेखी ते देऊळच होतं. भिंतीशी माणसाच्या उंचीची करडी परदेशी पेटी उभी होती, नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या मुख्य तारेला जोडलेली. एकाच तारेतून कितीतरी जणांची बोलणी यायची आणि ही बया ताकातून लोणी काढावं तशी ती वेगळी करून द्यायची. कोपरगावाजवळच्या उसात बसून मुंबईच्या शेठचा खोकलासुद्धा ऐकू यायचा! फोन उचलायचा नि साहेबांना जोडून द्यायचा, एवढंच गहिनीनाथाचं काम; पण पेटीवरची धूळ तो स्वतःच्या उपरण्याने पुसायचा.

पेटीला परदेशी कंपनीचं सील होतं. ते तोडायचं नाही, बिघाड झाला तर त्यांचाच माणूस येणार, असा करार. गहिनीनाथाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गाभाऱ्यात तरी सगळ्यांना कुठे जाऊ देतात?

एकाहत्तरची दिवाळी सरली, ऊसतोड सुरू झाली आणि लढाईची बोलणी चावडीवर होऊ लागली. एका सकाळी त्याने फोन कानाला लावला, तर आत भलतेच आवाज. दोन फौजी बोलत होते, अगदी शेजारी बसल्यासारखे. नगरहून रणगाड्यांची गाडी निघणार, कोपरगाववरून मनमाडकडे. वार, वेळ, पलटणीचं नाव, सगळं. त्याच पलटणीत गहिनीनाथाचा एकुलता एक मुलगा कानिफनाथ रणगाडा चालवत होता.

पहिला विचार आला तो बापाचा. बायकोला, चांगुणाला घेऊन स्टेशनात उभं राहावं, पोराला डोळे भरून बघावं. पुन्हा दिसतोय, न दिसतोय. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला. हे आपल्या कानात आलं, तसं आणखी कुणाच्या कानात गेलं?

तो तडक इंजिनिअरसाहेबांकडे गेला. साहेबांनी फोनला हातही न लावता नगरला जीप पिटाळली. दुपारी एक मेजर आले. त्यांनी सील तोडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

“काय आहे आत?” इंजिनिअरांनी विचारलं.

“बनवणाऱ्यांना ठाऊक,” मेजर म्हणाले. “आपण नुसते बोलतो यातून. हे बिघाडानं गळतंय की मुद्दाम गळवलंय, तेही मला सांगता येत नाही.”

गहिनीनाथ त्या उघड्या पेटीकडे बघतच राहिला. आत तारांचं रान माजलं होतं. एवढे दिवस आपण कुणाला हात जोडले, हे त्याला कळेना.

मेजरांनी पेटीची तार कापायला लावली. मग म्हणाले, “बाबा, ऐकलंत ते कुणाला बोललात?”

“साहेबास्नी सोडून कुनाला न्हाई.”

“घरी?”

“घरी बी न्हाई सांगनार.” पोराचं नाव त्याने काढलंच नाही.

“गाडीची वेळ आता बदलू,” मेजर म्हणाले. नवी वेळ अर्थातच सांगितली नाही.

घरी त्याला भाकरी गोड लागेना. चांगुणाच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिला सांगणं म्हणजे गावात दवंडी. काय झालं म्हणून तिने विचारलं, की हा म्हणे, दाढ दुखती. तिने रोज लवंग दिली आणि त्याने मुकाट्याने चावली.

मग एका दुपारी टेलिफोनखोलीच्या काचा थरथरू लागल्या. लांबलचक, जड गाडी रुळावरून चालली होती. गहिनीनाथ मुक्या पेटीसमोर टेबल घट्ट धरून उभा राहिला. बाहेर गेला नाही. गेला असता तर त्याला रडू आवरलं नसतं, आणि का रडतोस म्हणून चार जणांनी विचारलं असतं.

दिवेलागणीला चांगुणा रुळालगतच्या रानातून ऊस तोडून आली. “अवं, लई मोठी गाडी गेली आज! ताडपत्रीखाली हत्तीएवढं काय काय. वर फौजेतली पोरं बसल्याली. त्वांडं न्हाई दिसली, उन्हाची तिरीप हुती.”

गहिनीनाथाच्या मनात आलं, आता ही विचारणार, गाडी कुठं गेली असंल हो? आणि दाढेपलीकडे तिच्याशी खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

“कुठं म्हून म्या न्हाई इचारलं,” चांगुणा पदराने घाम पुसत म्हणाली. “निघाल्याल्या मानसाला कुठं इचारू न्हाई. कोयता टाकला, हात वर केला, आन् म्हनलं, या रं माघारी समदी!”

गहिनीनाथाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“दाढ लई दुखती का?”

“व्हय,” तो म्हणाला. “पर चांगुणे, काय म्हनलीस त्यास्नी? आनखी एकदा म्हन.”